संगणकातली पाल

टीव्हीला जोडायचे जुने संगणक माळ्यावर जाऊन पडले, त्या काळातली गोष्ट. अशाच एका संगणकाच्या पोटात पालीने दोन अंडी घातली होती. हेमलताबाईंनी तो संगणक हौसेने विकत आणला. जुने संगणक दुरुस्त करायचे, त्यांना नवे भाग जोडायचे आणि त्यांवर खेळत बसायचं, हा त्यांचा छंद होता.

बाईंनी तो टीव्हीला जोडून विजेची वायर लावली, तशी आत अंड्यांजवळ बसलेली पाल म्हणाली, "दादा, आता काय होईल?"

"वीज आली की माझं पोट तापेल," संगणक म्हणाला. "तुझी अंडी भाजतील गं."

"मग चालू होऊ नकोस!"

"जो चालू होत नाही, त्याचे भाग काढून दुसऱ्याला लावतात," संगणक घाबऱ्या आवाजात म्हणाला.

बाईंनी बटण दाबलं. संगणकाने श्वास कोंडून धरला. त्यांनी पुन्हा दाबलं, तरी तो गप्पच.

बाईंनी झाकण उघडलं. पाल भिंतीवर पळाली. अंडी दिसताच बाईंनी ती अलगद खिडकीत नेऊन ठेवली. मग परत येऊन म्हणाल्या, "मेलाय बिचारा. याचे भाग तरी कामी येतील." आणि वायर काढायला त्यांनी हात पुढे केला.

माणसाच्या हाताजवळ मरण असतं, हे पालीला ठाऊक होतं. तिचे पाय भिंतीला चिकटून बसले. पण अंडी आता सुखरूप होती, आणि तिच्यासाठी श्वास कोंडून बसलेल्या संगणकाचे भाग निघणार, हे तिला पाहवेना. तिने डोळे मिटून थेट बटणावर उडी घेतली.

टीव्हीवर निळा उजेड पसरला.

"अगं बाई! हा तर जिवंत आहे!" बाई ओरडल्या.

टेबलाखाली धापा टाकत पडलेली पाल होकार दिल्यासारखी चुकचुकली.