चिखलाच्या पोटातली होडी

खाडीला नाव पडलं नव्हतं तेव्हाची गोष्ट. चिखलाच्या पोटात एक जुनी होडी निजली होती. एकदा ती चिखलाला म्हणाली, "सोड मला, काळतोंड्या! मला ऊन बघायचंय."

"बाई, तुझं लाकूड आतून केव्हाच विरलं. आत भरलेल्या पाण्यानंच तुला धरलंय. वाळलीस की संपलीस."

"जळतोस मेल्या!"

ओहोटीला कोळ्यांना तिचं टोक दिसलं. चिखलानं घट्ट धरलं, तरी त्यांनी तिला खणून काढलंच. त्यांचा म्होरक्या हाशा तांडेल मायेनं म्हणाला, "आपल्या होड्यांसारखी हिलाही उन्हात सुकवू, मग तेल पाजू."

दुपारी होडी तडकली. "चिखलदादा, पाणी दे रे!" ती ओरडली. पण चिखल राहिला खाली खाडीत. तेल तापेपर्यंत तिचा भुगा झाला.

भरतीनं तो भुगा चिखलात आणून टाकला. चिखल म्हणाला, "ये बाई. पण आता तुला धरू कुठं?"