दोन्ही हात दोराला

एका गावात एक भोळा पाटकरी होता. पाटकरी म्हणजे कालव्याचं दार उघडून शेतांना पाणी देणारा माणूस. नाव सोपानराव कुदळे. सांगितलेलं काम सांगितलं तसंच करायचं, मध्ये स्वतःची अक्कल आणायची नाही, हा त्यांचा बाणा. आणायची म्हटली तरी ती हाताशी असायला हवी ना!

एकदा साहेब म्हणाले, "मी येईपर्यंत दार उघडू नका." त्याच दिवशी साहेबांची चंद्रपूरला बदली झाली. महिनाभर पिकं करपली, दार काही उघडलं नाही. शेवटी साहेबांनाच परत आणावं लागलं. पुढे निवृत्त होताना सोपानरावांना आज्ञाधारक कर्मचारी म्हणून नारळ मिळाला.

मग जावयाला हुक्की आली. त्यानं सासूसासऱ्यांना परदेशातल्या मोठ्या बोटीच्या सफरीवर धाडलं.

सोपानरावांच्या बायकोचं, कौसाबाईचं, बोटीवर एकाच गोष्टीकडे लक्ष होतं. एका बंदरात उतरून छोट्या होडीतून कालव्यात जायची सहल होती. त्या कालव्याला म्हणे दारं होती. होडी आत घेऊन दारं लावायची, आतलं पाणी उतरवायचं, की होडीही उतरते; मग पुढचं दार उघडायचं. पाण्याचा जिनाच. गेल्या वर्षी कौसाबाईची जाऊ याच सफरीला आली होती, पण होडीची तिकिटं संपली आणि तिला बसमधून हिंडावं लागलं. म्हणजे होडीत बसलेला एक फोटो मिळाला की जाऊबाईचं तोंड जन्मभर बंद. बाकीचा परदेश नाही दिसला तरी चालणार होता.

"जावा, होडीची तिकिटं काढून आना," कौसाबाई म्हणाली. "घाई करू नका. काय इचारतील त्याचा नीट इचार करून उत्तर द्या."

"बरं."

टूर मॅनेजर बर्व्यांनी विचारलं, "कुठली सहल देऊ?"

सोपानराव समोरच्या खुर्चीत बसले आणि विचार करू लागले. मागं रांग लागली. जेवणाची वेळ झाली. खिडकी बंद झाली. सोपानराव विचारच करत होते.

"आवं, इचार कसला करताय?" कौसाबाईनं कपाळावर हात मारला. "इचारलं की पटकन हो म्हनायचं!"

"बरं."

दुसऱ्या दिवशी बर्वे म्हणाले, "चीजचा कारखाना बघणार?"

"हो."

"पवनचक्क्या?"

"हो."

"सायकलवरून शहर?"

"हो."

"म्हणजे होडी नकोच ना?"

"हो."

एका माणसाला सकाळी नऊ वाजता तीन ठिकाणी पाठवायची तिकिटं बर्व्यांनी फाडली. ते शिकलेले होते, म्हणून मूर्ख ठरले सोपानराव.

कौसाबाई स्वतः गेली, बर्व्यांशी भांडली आणि होडीची शेवटची दोन तिकिटं घेऊन आली. हे तिनं पहिल्याच दिवशी केलं असतं तर बरं झालं असतं. पण मग नवऱ्याला शहाणं करायची हौस कशी फिटणार?

"आता तोंडच उघडू नका," ती म्हणाली. "म्होरला मानूस करंल तसं करायचं."

"बरं."

बंदरात सगळे बुडू नये म्हणून दिलेली फुगीर जाकिटं घालून रांगेनं होडीत चढले. पुढचा गोरा साहेब बसला, सोपानराव बसले. साहेबानं पाय पसरले, सोपानरावांनी पसरले. तेवढ्यात वारा सुटला आणि साहेबाची टोपी उडून पाण्यात पडली. सोपानरावांनी आपली टोपी काढली आणि पाण्यात टाकली.

"लेकीच्या लग्नातली टोपी होती की हो ती!" कौसाबाईला रडूच आलं. "हातातलं सोडायचं न्हाई. हातात आलं की घट्ट धरायचं!"

"बरं."

आणि नेमका त्याच वेळी होडीवाल्या बाईनं त्यांच्या हातात दोर दिला. दुसरं टोक काठावरच्या खांबाला अडकवलेलं होतं. तशा दोन-तीन जणांच्या हातात दोर होते. मागची दारं लागली. बर्वे म्हणाले, "पाणी उतरेल तसा दोर हळूहळू सोडत चला."

बाकीचे सोडू लागले. सोपानरावांनी होडीच्या खुंट्याला दोराचे चार वेढे दिले आणि वर पाटकऱ्याची गाठ मारली. त्या गाठीनं बांधलेली म्हैस कधी सुटलेली नाही.

बर्वे फोटोसाठी मोबाइल काढून तयार होते. कौसाबाईनं पदर नीट केला, तोंडभर हसली. पाणी खाली गेलं. होडी गेली नाही. तिची एक बाजू वरच लटकली, दुसरी खाली कलली, आणि हसरी कौसाबाई घसरत थेट होडीबाहेर!

सोपानरावांनी झेप घेऊन तिचं मनगट पकडलं. बायकोवर त्यांचा जीव होता, यात शंका नाही. एका हातात दोर, एका हातात कौसाबाई. दोन्ही घट्ट.

"दोर सोडा!" बर्वे ओरडले.

"हातातलं सोडायचं न्हाई."

"आवं, मी सांगते न्हवं! सोडा त्यो दोर!" कौसाबाई लोंबकळत किंचाळली.

मग त्यांनी एका हातानं गाठ ओढून पाहिली. गाठ हलेना.

"एका हातानं सुटणार आहे का ती?" बर्वे कडाडले. "दोन्ही हात लावा दोराला!"

"बरं," म्हणाले सोपानराव, आणि त्यांनी दोन्ही हात दोराला लावले.

गाठ झटक्यात सुटली. होडी धाडकन सरळ झाली. त्या धक्क्यानं बर्व्यांच्या मोबाइलवर फोटोही निघाला. तेवढ्यात पुढचं दार उघडलं आणि अंगातल्या फुगीर जाकिटावर तरंगत कौसाबाई सगळ्यांच्या आधी कालव्यात निघाली. पाण्याचा जिना तिनं पार केला. होडीची तेवढी अडचण ठेवली नाही.

फोटो मात्र सुरेख आला होता. होडी, दारं, हसणारे सोपानराव. कौसाबाई नव्हती.

परत येताना कौसाबाईनं नवऱ्याला शेवटचा धडा दिला. "जाऊबाई इचारंल, तू फोटोत का न्हाईस? तर खरं काय ते सांगायचं न्हाई. कौसा फोटो काढत हुती, येवढंच म्हनायचं. ध्यानात राहील?"

"राहील," म्हणाले सोपानराव. वाटेत सात वेळा त्यांनी ते घोकलंही.

गावात पाय ठेवला आणि जाऊबाई चहाचं निमित्त करून हजर झाली. फोटो डोळ्यांजवळ नेऊन तिनं दोनदा पाहिला.

"होडी झ्याक हाय. पन भावजी, आमची कौसा कुठं दिसंना ती?"

कौसाबाईनं नवऱ्याकडे डोळे वटारले. सोपानराव ताठ बसले, घसा खाकरला आणि एकही शब्द न चुकता म्हणाले,

"खरं काय ते सांगायचं न्हाई. कौसा फोटो काढत हुती, येवढंच म्हनायचं."