पाठीवर भोपळा बांधलेले आचार्य

एकदा एका शिष्याचे शिकणे संपले. निदान त्याचे स्वतःचे मत तसे होते. वय चाळिशीच्या घरात, व्याकरण मुखोद्गत, उपरणे कायम परीटघडीचे. आचार्यांच्या पाठशाळेत नव्या विद्यार्थ्यांना तोच शिकवत असे. नदीपलीकडच्या नगरात नवी पाठशाळा निघणार होती आणि तिच्या मुख्य आसनावर त्याने बसावे, असे तिथल्या मंडळींनी ठरवले होते. फक्त आचार्यांची अनुज्ञा हवी होती. ती मागितली की आचार्य हवापाण्याविषयी बोलू लागत.

त्यातच एक विपरीत घडले. सत्तरी ओलांडलेले आचार्य रोज सकाळी पाठीला वाळलेला भोपळा बांधून नदीत पोहायला शिकू लागले. शिकवायला गावातला तेलाचा व्यापारी. आचार्य हातपाय आपटत, गटांगळी खात, ठसकत वर येत. घाटावर धुणे धुणाऱ्या बाया तोंडाला पदर लावत. एकीने विचारलेच, "आचार्य, भोपळा तुम्हाला तारतोय की तुम्ही भोपळ्याला?"

"बाई, त्यावर अजून शास्त्रार्थ चालू आहे," आचार्य म्हणाले.

शिष्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले. परवा नगरातली मंडळी यायची होती. त्यांनी हे पाहिले, तर अशा गुरूच्या शिष्याला आसन कोण देणार? तो तडक घाटावर गेला आणि धोतर भिजणार नाही अशा पायरीवर उभा राहिला.

"आचार्य, या वयात हे काय?"

"शिकतोय."

"पण पलीकडे जायला नाव आहे."

"आहे ना. नावाडीही बरा आहे. तू पाण्यात ये, अनुज्ञेचं इथंच बोलू."

शिष्य घुटमळला, ते केवळ पाण्यामुळे नव्हे. त्या व्यापाऱ्याशी त्याची जुनी ओळख होती आणि ती आठवावी अशी नव्हती. पोथी दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्याऐवजी स्वतः वाचावी, म्हणून हा गृहस्थ पन्नाशीनंतर पाटी घेऊन पाठशाळेत आला होता. जोडाक्षरांपाशी अडला, तेव्हा शिष्य भर वर्गात म्हणाला होता, "शेटजी, या वयात आता ऐकण्याचं पुण्य घ्या. वाचायला आम्ही आहोत." सारा वर्ग हसला. शेटजी पाटी काखेत मारून गेले, ते पुन्हा फिरकले नाहीत.

"मला तत्त्व ठाऊक आहे," शिष्य उपरणे काढत म्हणाला. "देह स्वस्थ ठेवला की तो आपोआप तरंगतो."

"मग तुला भोपळाही नको," आचार्य म्हणाले. शेटजींनी तरीही बांधला.

तत्त्व नाकापर्यंत टिकले. नाकात पाणी जाताच शिष्याने शेटजींच्या गळ्याला मिठी मारली.

"पंडितजी, गळा सोडा. मी कुठं जात नाही. आता तळावरून पाय उचला."

"उचलत नाहीत."

घाटावरचे धुणे थांबले. शिष्य मान खाली घालून वाट पाहू लागला. आता शेटजी तेच वाक्य परत करणार, आणि तसे करण्याचा त्यांना पूर्ण अधिकार होता.

"पहिल्या दिवशी कुणाचेच उचलत नाहीत," शेटजी म्हणाले. "उद्या या."

शिष्य पायरीवर येऊन बसला. आचार्य धोतराचा सोगा पिळत होते.

"शेटजींना तू काय बोललास ते मला उशिरा कळलं," ते म्हणाले. "तुझी कानउघाडणी करणार होतो. मग लक्षात आलं, मीही तसंच बोलतो, फक्त जरा सभ्य भाषेत. तुला ती बोली माझ्याकडूनच लागली. इतकी वर्षं शिकवत राहिलो, की एखादी गोष्ट न येणं म्हणजे काय, हेच विसरून गेलो. ते विसरलेल्या माणसाला समोर बसलेला अडाणी दिसतो, अडलेला दिसत नाही. म्हणून माझं सगळं पांडित्य बुडेल अशी जागा शोधली. आता रोज नव्यानं अडतो. आणि खरं सांगू? फार वर्षांनी सकाळी उठायची घाई होते."

शिष्य शेटजींकडे वळला. "मी वाईट बोललो होतो. ती पाटी आहे का अजून?"

"आहे. बायको तिनं तेलाचा रांजण झाकते." शेटजी थोडे थांबले. "जोडाक्षरं अजून आहेत का?"

"आहेत."

"मग येतो."

"आता जा तू पलीकडे," आचार्य शिष्याला म्हणाले. "माझी अनुज्ञा आहे."

शिष्याने नदीच्या रुंदीकडे पाहिले. नगरातली मंडळी आली तेव्हा त्याने त्यांना सांगितले, "आसन राखून ठेवा. मी येईन, पण पोहत येईन." मंडळींना अर्थबोध झाला नाही, पण विद्वान माणूस आहे, काहीतरी असेल, म्हणून ती थांबायला तयार झाली.

इकडे पहिल्या धड्याच्या दुसऱ्या सकाळपासूनच घाटावर धुणे नेहमीपेक्षा सावकाश चालले होते, कारण पाण्यात दोन भोपळे होते आणि पैज लावायची सोय झाली होती. आपले शिकणे संपले असे ज्यांना वाटते, त्यांनी जवळपासचे पाणी किती खोल आहे, याची एकदा चौकशी करावी.