बांधाखालचा जानवसा

सर्जेरावांनी ओढ्यावर मातीचा बांध घालून नौकाविहारासाठी खासगी तलाव केला होता. एका सकाळी बांधाच्या पायथ्यातून गढूळ पाणी पाझरू लागलं. आतली माती वाहून चालली होती आणि बांधाच्या खालीच वाडी होती. अनसूयाक्काच्या घरात तर ओली बाळंतीण सून निजली होती. अक्का धापा टाकत वर गेली.

"मालक, मोरी उघडा. तलाव थोडा उतरू द्या."

सर्जेराव होणाऱ्या व्याह्यांना नावा दाखवत होते. "उद्या लग्न आहे, म्हातारे! नावा काय चिखलात चालवू? माझा बांध डोंगरासारखा पक्का आहे. जा, खुशाल झोप."

अक्काला रडू येत होतं. ते गिळून तिनं पाहुण्यांना हात जोडले.

"मालकांनीच शब्द दिला, आता कसली काळजी! मग व्याहीबुवा, आज रात्री वऱ्हाडाचा जानवसा आमच्या वाडीत. नवरदेवाचं अंथरूण माझ्या घरी घालते. नाही म्हणू नका, गावाचा मान आहे."

"वा, येतो की!" व्याही खूश झाले. "काय सर्जेराव, पाठवू ना पोराला?"

सर्जेरावांनी एकदा बांधाकडे पाहिलं, एकदा जावयाच्या बापाकडे. त्यांचं कपाळ घामानं डबडबलं.

"अरे, कोण आहे तिकडे?" ते ओरडले. "आधी मोरी उघडा!"