गुणाजीनं बंदूक सुधारली

आंबेखोल नावाच्या गावात एक भोळा गुणाजी राहत होता. भोळा म्हणजे आळशी नव्हे, वाईटही नव्हे. सांगितलेलं काम तो सांगितल्यासारखंच करायचा. एक अक्षर कमी नाही, एक अक्षर जास्त नाही. त्याच्या घरातली सगळी भांडणं याच कारणानं व्हायची.

गुणाजीच्या बापानं मागं एक जुनी रायफल ठेवली होती. बारीक गोळीची. गोळी कसली, हरभऱ्याचा दाणाच. गावात तिला बारकी म्हणत. शेतातली डुकरं हाकलायला बापानं परवाना काढून ती घेतली होती. तिची गोळी डुकराला लागल्याचं कुणाला आठवत नव्हतं, पण आवाजाला डुकरं पळायची. बाप गेल्यावर परवाना गुणाजीच्या नावावर झाला, पण बारकी माळ्यावर पडून होती. तिच्या आडोशाला उंदरानं दोनदा घर केलं होतं.

यंदा गावदेवीच्या जत्रेत नेमबाजीची शर्यत ठरली. लांबच्या आंब्याच्या फांदीला नारळ टांगायचा आणि ज्याच्याकडे परवान्याची बंदूक आहे त्यानं तो उडवायचा. सरपंचांनी बक्षीस ठेवलं एक दुभती म्हैस. गुणाजीची म्हैस आटून महिने झाले होते. पोरं काळा चहा प्यायची आणि तोंडं वाकडी करायची. तेव्हा त्याची बायको येसू हिनं ठरवलं की ही म्हैस आपल्याच गोठ्यात आली पाहिजे.

गावातल्या दौलत पाटलानं शर्यतीसाठी म्हणे दुर्बीण लावलेली नवी रायफल आणली होती. येसू नवऱ्याला म्हणाली, नव्याचा विचार सोडा, आहे तीच सुधारून घ्या. खर्च करू नका, घरात पडलेलं वापरा. आणि तालुक्याला बाबालाल शिकलगार आहे, तो सांगेल तसंच करा.

"सांगेल तसंच?" गुणाजीनं विचारलं.

"तसंच," येसू म्हणाली. इथंच तिचं चुकलं.

बाबालालचं दुकान बसस्टँडच्या मागं होतं. कुलपं, कात्र्या, बंदुका, सगळं तो दुरुस्त करायचा. त्यानं बारकी हातात घेतली, उलटी केली, उंदराच्या लेंड्या झाडल्या आणि बोट अडकवून ओढून बघितलं.

"घोडा जड झालाय," तो म्हणाला. "पयला घोडा हलका कर."

बंदुकीत जे ओढलं की बार उडतो त्यालाही घोडाच म्हणतात. हे गुणाजी सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. बाबालाल कानस शोधायला आत वळला तेवढ्यात गुणाजी बंदूक घेऊन निघाला सुद्धा.

गावात घोडा एकच होता. मल्लाप्पा वाण्याचं तट्टू. ते ओढ्याकाठी उभं होतं, पाठीवर दोन्हीकडं मिठाची पोती. मल्लाप्पा झाडाखाली डुलकी घेत होता. तट्टू खरंच जड दिसत होतं. गुणाजीनं दोन्ही पोती सोडली आणि वाट अडायला नको म्हणून ओढ्यात ठेवली. तट्टू हलकं झालं. थोड्या वेळानं पोतीही हलकी झाली.

मल्लाप्पा जागा झाला तेव्हा ओढ्यातल्या म्हशी खालच्या अंगाला जिभल्या चाटत पाणी पीत होत्या. तो रिकामी पोती घेऊन गुणाजीच्या दारात आला. येसूनं त्याला गूळपाणी दिलं, मिठाबदली भात द्यायचं कबूल केलं आणि कशीबशी त्याची समजूत घातली. मग ती नवऱ्याकडं वळली. म्हणाली, "दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायच्या आधी मालकाला इचारावं. एवढं ध्यानात ठेवा."

गुणाजीनं ध्यानात ठेवलं.

दुसऱ्या खेपेला बाबालालनं त्याला बंदुकीतला घोडा बोट ठेवून दाखवला आणि स्वतःच कानस मारून हलका केला. पैसेही घेतले नाहीत. मग नळीच्या टोकावर नख टेकवून म्हणाला, "हितली माशी पडलीया. माशी बसव. माशीबिगर नेम लागायचा न्हाई."

माशी म्हणजे नळीच्या टोकावरचा तो बारीकसा मणी. त्याच्यावरून डोळा लावून नेम धरतात. बाबालाल म्हणाला की पितळेचा एखादा तुकडा बघतो, थांब. पण गुणाजीला थांबायचं कारणच दिसलं नाही. पितळेचा खर्च कशाला, माश्या तर फुकट मिळतात.

सगळ्यात जास्त माश्या होत्या श्रीपती चौगुल्याच्या गुऱ्हाळावर. या खेपेला गुणाजी शहाण्यासारखा वागला. कुठंही हात लावला नाही. सरळ मालकापुढं जाऊन उभा राहिला. श्रीपती एका परगावच्या व्यापाऱ्याला गुळाची ढेप फोडून दाखवत होता. आमचा गूळ म्हणजे आरशासारखा स्वच्छ, असं त्याचं चाललं होतं.

"मालक," गुणाजी म्हणाला, "तुमच्या गुळातली एक माशी घेऊ का?"

व्यापाऱ्यानं तोंडातला खडा हातावर काढला. गुणाजी पुढं म्हणाला की घाई नाही, जरा मोठी बघून द्या. व्यापारी पिशवी उचलून चालू लागला. श्रीपती त्याच्या मागं धावला, आणि धावता धावता गुणाजीला म्हणाला की घे, सगळ्या घे, पण इथून जा.

मालकाची परवानगी मिळाली. माशी मात्र बसेना. मग गुणाजीनं नळीच्या टोकाला काकवी फासली. लगेच एक माशी बसली. मग दुसरी. मग बांधावरच्या पोळ्यातल्या मधमाश्यांनाही बातमी लागली. गुणाजी बंदूक खांद्यावर टाकून घरी निघाला तेव्हा नळीवर लोंबता घोस होता, आणि मागं वाटभर लोक डोक्यावरून पदर, टॉवेल, घोंगडी, हाताला लागेल ते घेत होते.

येसूचा वरचा ओठ तीन दिवस सुजला होता. सुजल्या ओठानं तिनं बंदूक चुलीपुढं ठेवून धूर केला, माश्या घालवल्या आणि नळी राखेनं घासली. मग बोबड्या आवाजात सांगितलं की यापुढं त्या बाबालालकडं काहीही न्यायचं तर आधी स्वच्छ धुवायचं, पुसायचं, उन्हात वाळवायचं आणि मग न्यायचं.

गुणाजीनं हेही ध्यानात ठेवलं.

तिसऱ्या खेपेला बाबालालनं आधी दुकानाच्या दाराला कडी घातली. त्यानं पितळेची माशी स्वतः बसवली. नळी पुसून आरपार उजेड बघितला. आता राहिला होता दस्ता, म्हणजे खांद्याला टेकवायचा लाकडी भाग. तो मधोमध चिरला होता.

"नवा दस्ता परवडायचा न्हाई तुला," बाबालाल म्हणाला. "घरात कुठं जुनं खोड पडून आसंल बघ. घेऊन ये. मी तासून देतो." एवढं सांगून त्यानं कडी काढली.

गुणाजी वाटभर विचार करत आला. घरात जुनं खोड म्हणावं असं एकच होतं. त्याचा चुलता, केरबा आप्पा. सारा गाव आप्पाला जुनं खोडच म्हणायचा. आणि आप्पा पडूनही असायचा. दहा वर्षं झाली, त्यानं काठीशिवाय पाऊल टाकलं नव्हतं.

येसू शेतात भांगलायला गेली होती. गुणाजीनं बंब पेटवला. आप्पाला दगडावर बसवून नारळाच्या शेंडीनं घासलं. पुसलं. अंगणात उन्हात बसवलं, आणि अर्ध्या तासानं दुसऱ्या अंगावर फिरवलं. आप्पाला वाटलं, पुतण्याला उशिरा का होईना माया आली. कुठं चाललोय असं त्यानं विचारलं तेव्हा तालुक्याला, असं उत्तर मिळालं. आप्पाला डोळे दाखवायचेच होते. तो खुशीत पुतण्याच्या पाठीवर बसला आणि एसटीत खिडकी मागून घेतली.

बाबालाल खाली मान घालून दुसऱ्या कुणाच्या तरी कुऱ्हाडीला धार लावत होता.

"आणलं का खोड?" त्यानं न बघता विचारलं.

"आणलं. धुऊन वाळवून आणलंय."

"किडकं न्हाई ना?"

"दात तेवढं किडल्यात. बाकी चांगलं हाय."

बाबालालचं लक्ष धारेकडं होतं. तो आपल्या नादात बोलत राहिला. म्हणाला, खांद्याकडचा भाग गोल कापू, मधून पोखरू, खाली दोन भोकं पाडून स्क्रू मारू, आणि उरलेलं चुलीला घेऊन जा. मग कुऱ्हाडीला अंगठा लावून बघत तो उठला.

आप्पाची काठी दुकानातच राहिली. आप्पा राहिला नाही. बसस्टँडवर लोकांनी त्याला नुसता जाताना बघितला. गुणाजी एसटीनं गावात पोचला तेव्हा आप्पा आधीच घरात येऊन आतून आगळ लावून बसला होता. त्या दिवसापासून आप्पा काठी वापरत नाही. बंदूक सुधारायची राहिली, चुलता मात्र सुधारला.

झालेला प्रकार कळल्यावर बाबालालला हसावं की रडावं कळेना. अखेर तोच आंबेखोलला आला. गुणाजीच्या गोठ्यात मोडका नांगर पडला होता. त्याचं लाकूड कापून त्यानं तिथंच अंगणात बसून दस्ता तासला, बसवला, तेल पाजलं. बारकी नव्यासारखी झाली आणि खर्च झाला फक्त चहाचा. काळ्या.

मग बाबालालनं गुणाजीला समोर बसवलं. म्हणाला, "हे बघ गुणा. आर्धं ऐकून पळायचं तुझं खूळ बंद कर. धरलेली गोष्ट मधीच सोडायची न्हाई. नारळावर नेम धरलास की धरलास. आन् गोळी सगळ्यात शेवटी घालायची."

"शेवटीच घालतो, चाचा," गुणाजी म्हणाला. बाबालाल समाधानानं परत गेला.

जत्रेच्या दिवशी सकाळी येसूनं गोठा सारवला, गव्हाणीत हिरवा चारा टाकला आणि नवऱ्याच्या हातात नवं दावं दिलं. समजावून सांगितलं, बक्षीस मिळालं की त्याच्या गळ्यात दावं बांधा. उचलाउचली करू नका, आपल्या मागनं हळूहळू चालवत आणा. आणि वाटेत ओढ्यावर पाणी दाखवा. मी हळदीकुंकू घेऊन दारात उभी राहते.

मैदानात माणूस मावत नव्हता. वारा सुटला होता, नारळ झोके घेत होता. दौलत पाटलानं दुर्बिणीतून खूप वेळ बघितलं आणि शेजारच्या फांदीवरचं कावळ्याचं घरटं उडवलं. बाकीच्यांनी आंब्याचा मोहोर पाडला. एकालाही नारळ लागला नाही. गुणाजी मात्र सुरुवातीलाच एका कडेला उभा राहिला होता. दस्ता खांद्याला, डोळा माशीवर, नेम नारळावर. गोळी खिशात. शेवट अजून झाला नव्हता.

सगळ्यांचे बार संपले. लोक गुणाजीकडं बघू लागले. तो नेम धरून उभा. मार की गुणाजी, असं कुणीतरी म्हणालं. तो हलला नाही. लोकांनी खाऊन घेतलं, पाळण्यात बसून आले, तरी तो तसाच. उन्हं कलली. पुजारी म्हणाला की नारळ देवीपुढं फोडायची वेळ झाली, आता उतरवा. सरपंच स्वतः शिडीवर चढले आणि नारळ काढून घेतला.

नारळाबरोबर बंदुकीची नळीही खाली आली.

सरपंच डावीकडं गेले, नळी डावीकडं गेली. सरपंचांनी नारळ पोटाशी धरला, नळी पोटावर आली. घाबरून त्यांनी हात वर केले, नारळासकट. नळी वर गेली. मग त्यांचे हात अवघडून खाली आले आणि नारळ टोपीवर टेकला. नळी टोपीवर आली. पुजारी देवळात शिरला आणि त्यानं दार लावून घेतलं. दौलत पाटील नव्या बंदुकीसकट पाळण्याखाली गेला. मैदान रिकामं झालं. बारकीत गोळी नाही हे गुणाजी सोडून कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि गुणाजीला कुणी विचारलं नाही.

"गुणाजी," सरपंच हळू आवाजात म्हणाले, "म्हैस पायजे ना तुला? ती बघ बांधलीया. सोड आन् घेऊन जा. मी राजीखुशीनं देतोय."

गुणाजीनं विचार केला. हातची गोष्ट मधेच सोडणं त्याला आता पटत नव्हतं.

"म्हशीवर माझा नेम न्हाई," तो म्हणाला. "माझा नेम नारळावर हाय."

सरपंचांनी नारळ त्याच्या पायाशी ठेवला आणि ते मागं न बघता निघून गेले.

गुणाजीला फार आनंद झाला. त्यानं बंदूक पाठीवर अडकवली आणि नारळाच्या शेंडीखाली दावं घट्ट बांधलं. उचलाउचली केली नाही. खडीच्या रस्त्यानं, घाटीच्या उतारानं, दगडधोंड्यांतून तो त्याला आपल्या मागनं हळूहळू आणत राहिला. ओढ्यावर थांबला. पुन्हा चालू लागला.

येसू दारात ताट घेऊन उभी होती. शेजारणीही जमल्या होत्या. नवरा दावं ओढत येताना दिसला तशी ती पुढं झाली, आणि दाव्याच्या टोकाकडं बघत राहिली. तिथं काथ्याचा एक झुबका होता आणि त्याला करवंटीचा एक कपचा लटकत होता.

"बक्षीस कुठाय?" तिनं विचारलं.

गुणाजीनं मागं वळून बघितलं. मग मान हलवली.

"ओढ्यावर पाणी दाखवलं, तर प्यायलं न्हाई," तो म्हणाला. "तवाच मला वाटलं, हे काय घरापत्तूर जगत न्हाई."