सरकारांचा थकवा

कुसुरगडचे सरकार नरसोजीराव सदा दमलेले असत. त्यांच्या वतीने पूजा उपाध्ये करत, एकादशी आचारी धरी आणि रागवायचं कामही कारभाऱ्यांकडे होतं. तरी सरकारांना लोडावरून उठवत नसे. शेवटी निळोपंत वैद्यांनी अश्वगंधा आणि गुळवेलीचा काढा दिला, रोज सकाळी, महिनाभर.

महिना सरला. भर दरबारात कारभारी सरकारांच्या वतीने गरजले, "वैद्य, थकवा तसाच आहे! उद्या गाव सोडायचं!"

"काढा रोज घेतलात ना, सरकार?" पंतांनी विचारलं.

"एक दिवस चुकला नाही," सरकार जांभई देत म्हणाले. "फार कडू, म्हणून आमच्या वतीने हा हुजऱ्या सिदोजी प्यायचा."

पंतांनी सिदोजीची नाडी पाहिली. गडी घोड्यासारखा ताजातवाना होता.

"काढा उत्तम लागू पडलाय," पंत हात जोडून म्हणाले. "सरकारांनी सगळी कामं वाटून दिली, दमायचं तेवढं स्वतःकडे ठेवलं. तेही सिदोजीला द्या. आता झेपेल त्याला."

सरकारांना भयंकर राग आला. पण त्यांच्या वतीने रागवणारे कारभारी तोंडाला उपरणं लावून हसत होते.