निवृत्ती गुरुजींचा दिनविशेष

त्या दिवशी ऊन असं तापलं होतं, की लिंबाच्या सावलीतही पायाला चटका बसावा. वारा तर नावालाही नव्हता.

"बाबा, माझ्या जन्माचा निदान महिना तरी आठवत असेल की!"

निवृत्ती गुरुजी पुन्हा पुन्हा तेच विचारत होते. शेजारचे म्हातारे अमीन फकीर, गुरुजींचे बाबा, माठातलं पाणी तांब्यात घेत होते. गुरुजींचा जन्म ज्याला ठाऊक, असं माणूस आता तेवढंच उरलेलं. आई गेल्याच महिन्यात वारली होती.

गुरुजी म्हणजे शाळेच्या फळ्यावर रोज दिनविशेष लिहिणारा माणूस. कोण कधी जन्मलं, कुठला तह कधी झाला, सगळं तोंडपाठ. स्वतःची तारीख मात्र एक जून. शाळेत नाव घालताना मास्तरांनी निम्म्या गावाची तीच लावून दिलेली.

"आज काय लिहिलंस फळ्यावर?"

"एका राजाचा जन्म. एक लढाई. एक धरण पुरं झालं."

"लई काम झालं म्हणायचं एका दिवसात."

"थट्टा नका करू, बाबा. त्या सगळ्यांचे दिवस कुणीतरी जपले. माझ्या आईला माझा एक दिवस ध्यानात ठेवता आला नाही. विचारलं की नुसती हसायची. मी नकोसा होतो का तिला?"

फकिरांनी तांब्या खाली ठेवला.

"आता माझा दिनविशेष ऐक. त्या दिवशी तुझा बाप मोट अर्ध्यावर सोडून पळत आला. तुमच्या चुलीवरची भाकर जळून कोळसा झाली. माझी दुपारची नमाज चुकली."

"का?"

"तू रडत नव्हतास."

गुरुजी पुढं सरकले.

"निळा पडला होतास. तुझ्या आईच्या अंगात उठायचं त्राण नाही, तरी उठून बसली. तुला छातीशी धरून चोळत राहिली. आम्ही दारात."

"मग?"

फकिरांनी दोन्ही हातांची ओंजळ केली. तिच्यात काही असावं तसे तिच्याकडं बघत राहिले...

"मग तू रडलास. अन् ती हसली."

गुरुजींनी डोळ्यांना रुमाल लावला. मग हात जोडले. कुणाला जोडले, कोण जाणे.

हळूच म्हणाले, "पण तारीख, बाबा?"

"तारीख बघायला मान वर कुणी करावी, लेका? समदे तुझ्याकडंच बघत होतो."